खजिनदार मी, किल्ली गुरुजींकडे

जोंधळा

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहायची वेळ आली.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) एका तालुक्याच्या गावची आमची मंडळी, म्हणजे चर्च. आज सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मूळ अमेरिकन मराठी मिशनचं. सत्तरेक घरं. रविवारी भक्तीला शंभरेक माणसं येतात, नाताळला देवळाबाहेर मांडव घालावा लागतो. पाच आठवड्यांपूर्वी वार्षिक सभा झाली. "आता तरुणांनी पुढं यावं" असं पाळकसाहेब गेली दोन वर्षं व्यासपीठावरून सांगत होते, ते या वेळी लोकांनी मनावर घेतलं. कमिटीवर आम्ही तिघं आलो. मी २६ वर्षांची, बी.कॉम., पतसंस्थेत कामाला, म्हणून मला खजिनदार केलं. टाळ्या झाल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, चहा-बिस्किटं झाली.

तेव्हापासून माझं काम काय, तर भक्ती संपली की दानाच्या थैल्या रिकाम्या करायच्या, नोटा-नाणी मोजायची, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि चिठ्ठी व पैसे दोन्ही गुरुजींच्या हातात द्यायचे. गुरुजी म्हणजे आमचे आधीचे खजिनदार. चोवीस वर्षं होते. किल्ली त्यांच्याकडे, चेकबुक त्यांच्याकडे, पासबुक मी अजून पाहिलेलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं बाळ, घाई कशाला? आधी बघ तरी कसं चालतं."

गुरुजींनीच मला चौथीत पाढे शिकवलेत, त्यामुळे आवाज चढवणं शक्य नाही. ते गडबड करत असतील असं माझ्या मनातही नाही, हेही आधीच सांगते. पण मग मी कोण? बाकी दोघांचीही तीच गत. एकाकडे साउंड सिस्टीम आणि प्रोजेक्टर. दुसरा तरुण संघाचा अध्यक्ष, म्हणजे खुर्च्या लावणं आणि खुर्च्या उचलणं. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

खडूस_काका

सलाम बेटा. वय ७१, मीही त्याच पट्ट्यातला.

तुझे गुरुजी चुकतायत, पण तरुणांचंही सांगतो. आमच्या वेळी मंडळीत एंडेव्हर होतं. ख्रिश्चन एंडेव्हर, म्हणजे तरुणांचं मंडळ, मूळ अमेरिकेतलं, १८८१ साली मेन राज्यातल्या पोर्टलंडला क्लार्क नावाच्या पाळकानं काढलेलं. काँग्रेगेशनल पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर ते आपल्याकडे आलं. त्याची गंमत अशी की प्रत्येकाची पाळी यायची. प्रार्थनासभा पोरांनीच चालवायची, प्रत्येक कामाला समिती. न येणाऱ्यांच्या घरी जाऊन चौकशी करणारी वेगळी, आजाऱ्यांना भेटणारी वेगळी. मी चौदाव्या वर्षी पहिली सभा चालवली. गुडघे लटलट कापत होते, स्तोत्राचा आकडा चुकीचा सांगितला, सगळे भलतंच गायला लागले. कुणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा माझीच पाळी.

आता पोरांना एकदम खजिनदार करतात. आधी पाळी नाही, सवय नाही. कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवला की झाला पुढारी! आणि मोबाइल खिशात ठेवा जरा भक्तीच्या वेळी.

पेठेतला

मी हिंदू आहे, धागा सहज उघडला. पण ताई, हे वाचून हसूच आलं. आमच्या गणेश मंडळात हुबेहूब हेच. वर्गणी मागायला दारोदार आम्ही, मिरवणुकीत ढोल आमचा, रात्रभर पहारा आमचा. पावतीपुस्तकाचा हिशोब मात्र एका काकांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. कार्यकारिणीच्या फलकावर माझं नाव 'कार्याध्यक्ष'. कार्य सगळं माझं, अध्यक्ष ते.

केळीची_बाग

वसईहून. जय ख्रिस्त.

आमच्याकडे कॅथलिकांत मांडणीच वेगळी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. धर्मग्रामाचे (पॅरिशचे) प्रमुख फादर असतात. त्यांच्या मदतीला दोन मंडळं: पालकीय परिषद आणि अर्थसमिती. चर्चच्या कायदेसंहितेत (१९८३ची) ५३७वं कलम अर्थसमिती सक्तीची करतं. ५३६ मधली पालकीय परिषद बिशपांना योग्य वाटली तर नेमायची, आणि तिचं मत फक्त सल्ल्याचं. म्हणजे कागदावर आमच्यात साठ वर्षांच्या आजोबांनाही निर्णयाधिकार नाही, तिथं तरुणांचं काय घेऊन बसलात!

तरी प्रत्यक्षात फरक पडतो तो फादरांच्या स्वभावानं. मी एकोणिसाव्या वर्षी परिषदेवर युवा प्रतिनिधी झालो. पहिल्या फादरांच्या काळात मला फक्त 'युवकांचा अहवाल' या विषयाला बोलू द्यायचे, तोही शेवटचा विषय, तोवर अर्धे लोक चपला घालत असायचे. नंतर बदलून आलेले फादर वेगळे. सणाच्या खर्चाचा कच्चा आराखडा त्यांनी माझ्याकडे दिला. बँडला इतके, रोषणाईला इतके, जेवणाला इतके, "काय कापशील सांग." मी बँड कापला. गावात महिनाभर शिव्या खाल्ल्या. फादर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, निर्णय परिषदेचा आहे, मला विचारा. बँड पुढच्या वर्षी परत आला, ते वेगळं. पण तरुणानं चूक केली तर पाठीशी उभं राहणारं कुणीतरी लागतं, हे त्या दिवशी कळलं.

रोमहून बोलणी खूप झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात तरुणांवर बिशपांची सिनड (धर्मसभा) भरली, पोप फ्रान्सिस पनामात २०१९ ला म्हणाले की तरुण म्हणजे उद्या नव्हे, ते देवाचं 'आत्ता' आहेत. आमच्याकडे त्याचा फलक लागला, फुगे लावून. अर्थसमितीचं सरासरी वय काही हललं नाही.

आयटीतला

मी पुण्यात एका फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र चर्चला जातो, घर मूळ सीएनआयचं. सोडलं ते याच कारणानं. इथं तरुणांना वाव आहे. बावीस वर्षांची मुलगी वर्शिप लीड करते, चोविशीतला मुलगा संदेश देतो, मीडिया टीम, स्वागताची टीम, सगळं पंचविशीच्या आत. जुन्या मंडळ्यांनी हे बघून शिकावं.

जोंधळा

@आयटीतला दादा, एक विचारू? तुमच्या फेलोशिपचे वार्षिक हिशोब सभेत वाचतात का?

आयटीतला

नाही वाचत. ते पास्टर आणि त्यांचं कुटुंब बघतं. विश्वासाचा मामला आहे.

खडूस_काका

हा हा. म्हणजे माइक पोरांकडे आणि तिजोरी साहेबांकडे. आमच्याकडे निदान खुर्च्या पोरांकडे.

आयटीतला

काका, टोमणा पोचला. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला सात वर्षांत पडलाच नव्हता. जोंधळा यांचा वाचल्यावर पडला.

पाळकीणबाई

पाळकाची बायको आहे, तेवीस वर्षांत पाच मंडळ्या पाहिल्या. तुम्ही लोक ज्यावर बोलत नाही त्यावर बोलते.

पहिलं. जोंधळा मुलगी आहे. कमिटीत मुलीला पद देताना हमखास एक वाक्य येतं, "ती काय, उद्या लग्न करून जाईल." मी प्रत्येक मंडळीत ऐकलंय. पोरगा नोकरीला पुण्याला किंवा चाकणला गेला तर "प्रगती केली" आणि मुलगी सासरी गेली तर "मंडळीचं काम अर्ध्यावर सोडलं". दोघंही जाणारच आहेत. ग्रामीण मंडळीत पंचविशीचं माणूस दोन-तीन वर्षांहून जास्त हाताशी लागत नाही, हे धरूनच चालावं. म्हणून आम्ही एका ठिकाणी प्रत्येक पदाला जोडी लावली. एक जुना, एक नवा, आणि नव्याच्या मागे संडे स्कूलमधून नुकताच बाहेर पडलेला तिसरा, नुसता बघायला. तिसऱ्याचं महत्त्व दोन वर्षांनी कळतं.

दुसरं. तरुणांना सगळ्यात आधी कुठं ढकलतात? संडे स्कूलमध्ये. सोळा-सतराची पोरं, लहान मुलांच्या वर्गावर, एकटी. हे नेतृत्व नाही, निष्काळजीपणा आहे. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, सहलीला आईबापांची लेखी परवानगी हवी. पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असून ती पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. "मंडळीची बदनामी नको" म्हणून गप्प बसण्याची मुभा पाळकाला नाही आणि संडे स्कूलच्या शिक्षकालाही नाही. किती मंडळ्यांनी तरुण शिक्षकांना हे बसून सांगितलंय?

तिसरं, जोंधळासाठी. बाळ, किल्ली मागू नकोस. वही घेऊन गुरुजींच्या घरी जा आणि म्हण, मला हिशोब शिकवा. चोवीस वर्षं एखादं काम केलेल्या माणसाकडून वस्तू मागितली की त्याला ते काढून घेतल्यासारखं वाटतं. शिकवणं मागितलं तर कोणता मास्तर नाही म्हणेल?

लेखापाल_६२

धर्मादाय न्यासांचे ऑडिट करतो, सर्व धर्मांचे. भावना बाजूला ठेवून कागदाचं बोलतो.

जोंधळा, आधी हे बघा की तुमची मंडळी स्वतंत्र सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे की सगळं मोठ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर आहे. मिशनच्या काळातल्या मालमत्ता पुष्कळदा असोसिएशनच्याच नावावर असतात. स्थानिक नोंदणी असेल आणि कमिटीचे सदस्य विश्वस्त म्हणून नोंदले जात असतील, तर निवडणुकीनंतर बदल अर्ज द्यावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम (जुना १९५० चा मुंबईचा), कलम २२, मुदत ९० दिवस. तो दिलेला नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत अजून जुनेच लोक विश्वस्त असतात, मग सभेत कितीही टाळ्या वाजोत. माझ्याकडे अशा फायली येतात ज्यांत नोंदीतले निम्मे विश्वस्त दफनभूमीत आहेत. आणि कुणाच्या डोक्यात जागा विकायचं असेल तर कलम ३६ खाली पूर्वपरवानगी लागते, हेही तरुणांनी पाठ करून ठेवावं.

बँकेचं: सही बदलायला कमिटीचा ठराव, त्याची सही-शिक्क्याची प्रत, नव्या माणसाचं केवायसी. सही दोघांची ठेवा, एक जुनी एक नवी, भांडण मिटतं. मोजणीला नेहमी दोघं, एका घरातली नकोत, आणि आकड्याखाली दोघांच्या सह्या. सोमवारी भरणा. रोकड कपाटात ठेवून त्यातूनच खर्च करायची सवय जिथं आहे तिथं प्रामाणिक माणूसही अडकतो.

क्यूआर कोड लावायचा असेल तर मंडळीच्या खात्याचाच. कुणा उत्साही तरुणाच्या स्वतःच्या नंबरचा लावू नका. अशी दोन प्रकरणं मी निस्तरली आहेत, दोन्हींत पोरगं निर्दोष होतं आणि दोन्ही पोरांनी मंडळी सोडली.

नदीकाठ

एवढं घाबरून तरुण कसे पुढं येतील? इतिहास बघा जरा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले तेव्हा हॉल अठ्ठावीस वर्षांचा होता, नॉट त्याहून लहान. इंग्रज कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला टपलेलं. याच दोन पोरांपासून मराठी मिशन सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या, विधवा, पदरात लहान मुलगी. बायबलात पौलानं आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला तेच तर लिहिलं, तुझं वय कमी म्हणून कुणी तुला हलकं लेखू नये.

खडूस_काका

नदीकाठ, ना. वा. टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ १९१७ मध्ये काढला तेव्हा ते पंचावन्नच्या घरात होते. म्हणजे आता म्हाताऱ्यांनाच पुढं करायचं का? थोरामोठ्यांची वयं मोजून आपल्या गावच्या खजिन्याचा प्रश्न सुटत नाही. आणि तीमथ्याला लिहिताना पौल पुढं काय सांगतो तेही वाचावं: बोलण्यात, वागण्यात इतरांना कित्ता हो. पोरं पहिलं अर्धं वाचतात, आम्ही दुसरं अर्धं. (हे माझ्या बायकोचं वाक्य.)

केळीची_बाग

काकींना सलाम.

लेखापालांच्या पोस्टवरून आठवलं. आमच्या वायसीएसमध्ये (शाळा-कॉलेजातल्या मुलांची कॅथलिक चळवळ) एक पद्धत शिकवायचे: पाहा, पारखा, कृती करा. मूळ बेल्जियमच्या कार्डाइन नावाच्या धर्मगुरूची, कारखान्यातल्या तरुण कामगारांसाठी. आम्ही दहावीत असताना 'पाहा' म्हणून गावातल्या विहिरी मोजल्या. किती गोड, किती मचूळ झाल्या, टँकर कुणाच्या विहिरीवर लागतात. नुसती वही आणि पेन्सिल. 'पारखा'मध्ये भांडलो, कारण टँकरवाल्यांपैकी एक आमच्याच गटातल्या मुलाचा काका होता. 'कृती' फारशी झालीच नाही, एक निवेदन दिलं फक्त. पण त्या गटातली दोन मुलं पुढं ग्रामपंचायतीवर निवडून आली. परिषदेवर सभेचं इतिवृत्त लिहून कुणी तयार झाल्याचं मला आठवत नाही.

पेठेतला

अवांतर: ते हंगामाच्या सणाचं काय असतं? एका मित्रानं सांगितलं, लिंबू पाचशेला जातं म्हणून.

जोंधळा

@पेठेतला, शेतातलं पहिलं पीक देवळात आणतात. ज्वारी, ऊस, भोपळा, कोंबड्या, अंडी, कुणी शिवलेली गोधडी. भक्ती झाली की आवारात लिलाव. बोली चढवायची म्हणजे दान वाढतं, आणि बोली चढवण्यात जिरवाजिरवीही असते. लिंबू पाचशे काहीच नाही, मागं एक अंडं अकराशेला गेलंय. वर्षातली सगळ्यात मोठी रोकड त्या दिवशी येते. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पाळकीणबाई, तुमचं ऐकलं. रविवारी दुपारी वही घेऊन गेले.

आयटीतला

मग?

जोंधळा

तीन आठवडे झाले, उशिराबद्दल माफी. सगळं लिहिता येणार नाही, पण धाग्यानं मदत केली म्हणून सांगते.

गुरुजींनी पहिल्या रविवारी नुसती २०२३-२४ ची वही दाखवली. दुसऱ्या रविवारी त्याच्या मागची. हिशोब मोत्यासारख्या अक्षरात, एक खाडाखोड नाही. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काही पानांवर समासात पेन्सिलीनं छोटा 'मा' लिहिलेला आणि पुढे आकडा. कुठं ४००, कुठं २,५००. मी विचारलं तर उठून चहा टाकायला गेले. काकूंनी सांगितलं. 'मा' म्हणजे 'माझे'. मंडळीकडून डायोसिसला (बिशपांच्या विभागाला) जायचा वाटा, लाइट बिल, पावसाळ्यात पत्रे उडाले तेव्हाची दुरुस्ती, जिथं जिथं पैसे कमी पडले तिथं यांनी पेन्शनमधून घातले आणि कमिटीला सांगितलं नाही. नोव्हेंबर २०१६ ला लिलावाची रोकड कपाटात होती, त्यात पाचशेच्या नोटाच नोटा. नोटबंदी झाली. मंडळीच्या नावावर भरायला गेले तर कागदावर कागद मागितले, म्हणून स्वतःच्या खात्यातून नव्या नोटा काढून मंडळीच्या कपाटात ठेवल्या आणि जुन्या घेऊन आठ दिवस रांगेत उभे राहिले.

चेकबुक का देत नव्हते ते तेव्हा कळलं. नवीन मुलगी, बी.कॉम., पहिल्याच महिन्यात विचारणार की खर्च जमेपेक्षा जास्त आणि तरी शिल्लक कशी? उत्तर द्यायला त्यांना लाज वाटत होती. चोरी करणाऱ्याला वाटावी तशी.

मी घरी येऊन सगळे 'मा' जोडले. ३८,४५०.

लेखापाल_६२

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण नियमाबाहेरचं आहे, हे दोन्ही खरं. कमिटीपुढे यादी ठेवा. एकतर ठराव करून त्यांची रक्कम परत करा, नाहीतर त्यांनी ती देणगी म्हणून लिहून द्यावी आणि आजच्या तारखेची पावती घ्यावी. मागच्या तारखेची पावती फाडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

खडूस_काका

मी पहिल्या पोस्टमध्ये 'गुरुजी चुकतायत' लिहिलं होतं. अजूनही म्हणतो चुकले. पण आज जरा गप्प बसतो.

पाळकीणबाई

पेन्सिलीनं लिहिलं, याचा अर्थ खोडायची तयारी होती.

जोंधळा

@लेखापाल, कमिटीत ठेवलं. दोन वयस्कर सदस्य गुरुजींवर चिडले, "आम्हाला का नाही सांगितलं, आम्ही मेलो होतो का?" खुर्च्यावाला आमचा अध्यक्ष पहिल्यांदा सभेत बोलला. म्हणाला, आम्ही हिशोब कधी वाचायलाच मागितला नाही, मग सांगणार कुणाला? आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशोब भक्तीनंतर मोठ्यानं वाचायचा असं ठरलंय. पहिला मी वाचला. चाळीस रुपयांनी बेरीज चुकली, मागच्या बाकावरून गुरुजींनी तिथल्या तिथं सांगितलं, सगळ्यांसमोर. कान लाल झाले माझे. पण किल्ली आता माझ्याकडे आहे आणि चेकवर दोघांच्या सह्या. ३८,४५० चं अजून ठरलेलं नाही. गुरुजी म्हणतात दान लिही. काकू म्हणतात निदान पत्र्याचे तरी परत द्या, ते त्यांच्या मंगळसूत्राच्या दुरुस्तीचे होते.

लेखापाल_६२

आणि बदल अर्ज?

जोंधळा

नोंदणी स्थानिकच निघाली, जमीन मात्र आमच्या नावावर नाही. आज ५८ वा दिवस. शुक्रवारी वकिलांकडे नगरला जायचंय. गुरुजी पण येणार आहेत, मात्र एसटीनं. माझ्या स्कूटीवर मागे बसायची त्यांना भीती वाटते.